मनुबाईची पाटी

कोजागिरीच्या उधाणाला, भर दुपारी, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत कोपरखारचा बांध फुटला. आधी बांधाच्या पोटातलं एक खेकड्याचं बीळ पाझरायला लागलं. धर्माजीनं त्यात पेंढ्याचा बोळा कोंबला आणि वर स्वतः बसला. बसल्या जागी तो हळूहळू खाली जायला लागला, तेव्हा दोघांनी बखोटीला धरून त्याला वर ओढला आणि तो जिथं बसला होता तिथून खाडी आत आली. संध्याकाळपर्यंत बांधाला पडलेली खांड एवढी रुंदावली की तिच्यातून होडी गेली असती. पुढं कितीतरी दिवस गावात कुणी बूड टेकलं की लोक म्हणायचे, "बघ हां, धर्माजी बसला तसा बसू नको."

हसायला तेवढंच निमित्त होतं. भात पिवळं पडत आलेलं आणि त्यात खारं पाणी गुडघाभर उभं. दिवाळीत गावानं पेंढा कापला, दाणा नाही.

आमच्या खारेपाटात बांध कुणा एकाचा नसतो. आत शेत असलेल्या प्रत्येक घराचा तो असतो, म्हणून मेहनतही प्रत्येक घराची. तिला जोळ म्हणतात. एका घरातली दोन माणसं: एकानं फावड्यानं चिखल कापायचा, दुसऱ्यानं पाटी वाहायची. भाड्याचा माणूस चालत नाही, मुंबईच्या गोदीतून मुलानं धाडलेले पैसे चालत नाहीत, अंगच लागतं. ज्या घराची पाटी चुकली त्याचं शेत कुणी काढून घेत नाही. पण पुढल्या खेपेला त्याच्या शेतापुढचा बांध कुणी सावरतही नाही, आणि ते काढून घेण्याहून वाईट.

जोळीचा मुकादम रावजी. ओहोटी लागली की तो बांधावर उभा राहून घरांची नावं पुकारायचा. त्याला अक्षर येत नव्हतं, पण गाव पाठ होतं. गैरहजेरीला त्याच्याकडे दोनच कारणं चालत, बाळंतपण आणि सुतक. ताप, लग्न, सासूचं आजारपण, कशालाही तो कान देत नसे. एकदा फावड्यानं त्याचाच अंगठा फाटला, तेव्हाही चिंधी गुंडाळून तो उभा राहिला. त्यामुळे त्याला शिव्या देता येत, पण खोटं पाडता येत नसे.

धर्माजीची बायको मनुबाई ही गावची सुईण. तिला तिच्या सासूनं शिकवलं होतं, सासूला तिच्या सासूनं. आठवड्यातून एखाद्या सकाळी रावजी पुकारायचा, "धर्माजीचं घर, दुसरी पाटी?" आणि धर्माजी छाती काढून सांगायचा, "बाळंतपनाला." त्या दिवशी मनुबाईची पाटी भरली असं धरत.

चार वर्षांपूर्वी तो असाच सांगत होता. तेव्हा त्यांची लेक तुळशी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. तिच्या कळा सुरू झाल्या आणि थांबल्याच नाहीत. मूल अडलं होतं. दोन सकाळी धर्माजीनं "बाळंतपनाला" म्हटलं. तिसऱ्या सकाळी त्यानं दुसरा शब्द सांगितला, आणि रावजीनं मान खाली घालून पुढचं नाव घेतलं.

मनुबाई फार रडली नाही, पण तेव्हापासून तिला एक खोड लागली. एका वस्तूतून दुसरी वस्तू जाताना दिसली की ती थांबून बघायची. बांधातल्या उघाडीचं दार उचलल्यावर पाण्याबरोबर वाहत आलेला ओंडका कसा वळून बाहेर पडतो ते बघायची. कुणी बरणीतून आंब्याची फोड काढायला हात घातला की त्या हाताकडे बघायची. एकदा पोयनाडच्या बाजारात खाटकाला तिनं शेळीचं कंबरडं सोलून दाखवायला लावलं आणि मटण न घेता निघून गेली. लोक म्हणाले, बाई जरा हललीय. हलली नव्हती. तिला एक गोष्ट जाणून घ्यायची होती आणि ती विचारायला माणूस सापडत नव्हता. इतकी वर्षं तिचे हात ज्या अंधारात जाऊन आले, तिथं तिचे डोळे कधी गेलेच नव्हते. तुळशी कुठं अडली? आणि हात चुकला होता का?

दिवाळीनंतर बोर्डाचा देवी टोचणारा दयाराम गावात आला. मुलं सगळी बांधावर, म्हणून तोही पेटी घेऊन बांधावरच आला. टोचता टोचता त्यानं बातमी सांगितली.

"लोकल बोर्डानं सुईणींचा वर्ग काढलाय. अलिबागला, सरकारी दवाखान्यात. तीन महिने."

"त्येचं आमी काय द्यायचं?" धर्माजीनं फावड्यावर रेलून विचारलं.

"काही नाही. बोर्डच देणार. गेल्या साली नुसती खोली देत होते, पोटाला काही नव्हतं, तेव्हा एक बाई फिरकली नाही. यंदा सरकारची ग्रांट मिळालीय. खोली, शिधा, आणि महिन्याला रोख."

"शिकनारीला पैसं?"

"शिकणारीलाच."

"मंग उद्या कोंबडीला अंडं घालायची बी गिरांट मिळंल," शेजारचा नामा म्हणाला. बांध हसला.

मनुबाई हसली नाही. चिखलाची भरलेली पाटी डोक्यावर घेऊन ती तशीच उभी राहिली होती. "काय शिकवतात?"

"बाळंतपण."

"ते मना येतं. आनखी काय?"

दयारामनं डोकं खाजवलं. "आतलं सगळं दाखवतात म्हणे. मूल कुठून, कसं येतं ते."

"आतलं म्हंजे, दिसतं?"

"असं ऐकलंय बुवा."

मनुबाईनं पाटी खाली ठेवली. मागच्या बायका एकीवर एक आदळल्या आणि त्यांनी तिला लाखोली वाहिली.

घरी धर्माजीनं सरळ हिशोब मांडला. कणगी रिकामी, एक तोंड अलिबागला जेवणार, वर रोख. "जा तू," तो म्हणाला. "सरकार येडं झालंय तवर घेऊन टाकू."

"अवं, पैशासाठी न्हाय जायचं मना."

"मंग कशासाठी?"

ती चुलीत फुंकर घालत राहिली. लाकूड ओलं होतं, धूर डोळ्यांत गेला असेल.

प्रश्न जोळीचा होता. देवळापुढं पंच बसले. धर्माजी म्हणाला, सुईण बाळंतपण शिकायला जाते म्हणजे बाळंतपणालाच गेली, पाटी भरलेली धरा.

"कोनाचं बाळंतपन?" रावजीनं विचारलं.

"म्हंजे?"

"बाई कोन? गाव कुठलं? कोनाचं तरी असंल ना? तीन महिने कोन बाळंत होतं?"

"सरकार," मागून नामा म्हणाला. पुन्हा हशा झाला, पण रावजी हलला नाही. बाळंतीण दाखवा आणि पाटी सोडा, असा त्याचा न्याय. शेवटी धर्माजी उठला आणि म्हणाला, "दोन्ही कामं मी करतो. चिखल बी कापतो आनि पाटी बी वाहतो. मंग तर झालं?" हे तो तावात बोलला. पंचांनी लगेच मान डोलावली आणि त्याला आपलं बोलणं गिळायला वेळच मिळाला नाही.

मनुबाई होडीनं धरमतरला आणि तिथून मोटारीनं अलिबागला गेली. मोटारीत ती पहिल्यांदाच बसत होती, आणि उतरल्यावर तिनं चाकांमागं वाकून ते काय फिरवतं ते बघितलं. ड्रायव्हरनं तिला हाकललं.

वर्गात पाच सुईणी होत्या. मनुबाईच्या शेजारची बायजा थळची कोळीण, आवाजानं मोठी आणि मनानंही. शिकवायला राहेलबाई, पांढऱ्या लुगड्यातल्या नर्स. त्या रेवदंड्याकडच्या बेने इस्रायली ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांच्या घरातल्या. बोलायला कडक, पण शिकणाऱ्या बायकांना 'अहो' म्हणायच्या, आणि त्याचीच सगळ्यांना सवय व्हायला आठ दिवस गेले.

आधी नखं कापली. मग हात धुणं. मनुबाईला वाटायचं, आपण धुतो की हात. पण आपण काम झाल्यावर धुतो आणि ह्या कामाआधी धुवायला लावतात हे तिच्या ध्यानात आलं. ती विचारायची, का? कातरी उकळायची, का? विळ्यानं नाळ कापली तर काय होतं? विळ्यावर काय असतं? शेणाचं? डोळ्यांना न दिसणारं? न दिसणारं आहे हे मग कळलं कुणाला? राहेलबाई कधी सांगायच्या, कधी म्हणायच्या, "मनुबाई, हे मोठ्या डॉक्टरांना विचारावं लागेल." आणि खरोखरच विचारून यायच्या. बायजा कुजबुजायची, "गो बाय, गप बस ना. शिधा सगल्यांना सारखाच मिलतो."

मग एका सकाळी राहेलबाईंनी कपाटातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आणलं आणि टेबलावर उघडलं. बाईच्या कंबरेच्या हाडांचा सांगाडा होता तो. पिवळसर, गुळगुळीत, मधे आरपार मोकळा.

"हे खरं हाय?" बायजानं विचारलं.

"खरं आहे. मुंबईहून आणलंय."

बायजा तशीच उठून बाहेर गेली. तिच्यामागून तिघी. ह्यात भित्रेपणा नव्हता. मढ्याला शिवलेली सुईण दहा दिवस बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकत नाही, हा नेम आमच्या किनाऱ्यावर आगऱ्यांपासून कोळ्यांपर्यंत सारखा. जन्माचे हात वेगळे, मरणाचे वेगळे. तुळशीला न्हाऊ घालायलासुद्धा मनुबाई पुढं झाली नव्हती. दाराशी उभी राहिली होती.

ती बसून राहिली. "ही बाई कोन होती?"

"मला ठाऊक नाही," राहेलबाई म्हणाल्या.

"पोरंबाळं झाली व्हती तिला?"

"तेही ठाऊक नाही. नुसतं बघितलं तरी चालेल, मनुबाई. हात लावायलाच हवा असं नाही."

पण नुसतं बघून मनुबाईला काय कळणार? तिला आयुष्यभर जे कळलं ते हातांनी. तिनं पदर खोचला, दोन्ही हात पुढं केले आणि हाड उचललं. ते इतकं हलकं असेल असं तिला वाटलं नव्हतं. डोळे मिटून तिनं त्यात हात घातला, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. मागचा मणका, पुढची कमान, दोन बाजूंचे उंचवटे, सगळं ओळखीचं. अंधारात रोज चाललेली वाट कुणी उजेडात दाखवावी तसं झालं. राहेलबाईंनी कापडाची बाहुली दिली. तिचं डोकं लाकडाचं होतं. मनुबाईनं ते हाडातून उतरवलं. वर आडवं शिरलं, मधे वळलं, खाली उभं निघालं. "वळतं," ती म्हणाली. "ओंडका वळतो तसंच." तिनं ते पुन्हा उतरवलं, आणि पुन्हा. बाहेरून बायजा खिडकीतून बघत होती.

मग राहेलबाईंनी दुसरं हाड काढलं. ते पहिल्यासारखंच होतं, पण मागचा मणका पुढं दबून आलेला, वाट चेपटलेली. मनुबाईनं तेच डोकं वर टेकवलं. ते आत जाईना. तिनं ते फिरवलं, तिरकं केलं, जोर दिला. ते वरच टेकून राहिलं.

"नाही जायचं," राहेलबाई हळू म्हणाल्या. "कुणाच्याही हातानं नाही. लहानपणी मुडदूस झाला की हाडं मऊ राहतात आणि अशी दबतात."

"बाहेरून वळखता येतं?"

"पुष्कळदा. बाई बुटकी असते, उशिरा चालायला लागलेली, पाय वाकलेले. आणि पहिलटकरणीचे दिवस भरले तरी मुलाचं डोकं खाली उतरत नाही, वरच तरंगत राहतं. अशीला इथं आणायचं. डॉक्टर पोट उघडून मूल काढतात."

"आनि बाई?"

"वेळेवर आली तर पुष्कळदा जगते."

मनुबाईनं ते लाकडी डोकं टेबलावर ठेवलं. तुळशी तीन वर्षांची होईतो चाललीच नव्हती. तिचे पाय विळ्यासारखे वाकलेले होते आणि त्यावरून तिला हसत तेव्हा मनुबाईच म्हणायची, पाय वाकडे असले तरी पोर कामाला सरळ आहे.

"माझ्या लेकीला हितं आनली असती तर?" तिनं विचारलं.

राहेलबाईंनी ते दबलेलं हाड फडक्यात गुंडाळलं. मग म्हणाल्या, "कदाचित वाचली असती. नक्की मी सांगू शकत नाही."

म्हणजे हात चुकला नव्हता. वाट चुकली होती. मनुबाईला वाटलं होतं की उत्तर मिळालं की मन हलकं होईल. ते झालं नाही, उलट जड झालं, पण जागच्या जागी बसलं. त्या दिवशी ती जेवली आणि जेवताना तिनं बायजाला विचारलं, "तुमच्या थळात मुडदुशी पोरी किती असतील गो?"

इकडं धर्माजीचे हाल कुत्रा खात नव्हता. तो कंबरभर चिखलात उतरून ढेपा कापायचा, काठावर टाकायचा, मग स्वतःच वर चढून पाटी भरायचा आणि बांधावर नेऊन ओतायचा. खांड बुजवायची रीत अशी, की दोन्ही टोकांनी बांध चढवत आणायचा, मधे होडीएवढी फट ठेवायची, आणि भरतीला जोर नसतो अशा भांगाच्या दिवसांत, एका ओहोटीत, ती फट सगळ्या गावानं मिळून बंद करायची. दोन्ही टोकं चढत होती तसा धर्माजीचा खांदा उतरत होता. डोक्यावरचे केस पाटीनं घासून गेले. रावजी रोज पुकारायचा, "धर्माजीचं घर, दुसरी पाटी?" आणि तो म्हणायचा, "मीच." नामा विचारायचा, "बाळंतीन काय म्हंते सरकारची?" पुढं पुढं धर्माजीलाही त्यात गंमत वाटायला लागली. "कळा चालू हायेत," तो सांगायचा.

महिन्याला अलिबागहून पैसे यायचे, त्यातून तांदूळ यायचा. इतर घरांत नुसती पेज होती. त्यामुळे थट्टेत थोडा हेवाही मिसळलेला असायचा, आणि तो धर्माजीला तांदळाइतकाच गोड लागायचा.

पौष संपता संपता मनुबाई परत आली. कातरी, साबण आणि लाल औषधाची बाटली असलेली एक पत्र्याची पेटी बोर्डानं दिली होती. दुसऱ्या सकाळी ती जोळीवर गेली. बायकांनी घेरलं. काय दाखवलं? आतलं खरंच दिसतं? मनुबाईला खोटं सुचत नसे. तिनं सगळं सांगितलं. हाडाचंही.

बायका एकेक पाऊल मागं सरल्या. कुणीतरी रावजीला बोलावलं.

"शिवलीस?" रावजीनं विचारलं.

"शिवले."

"कोनाचं हाड?"

"ठाऊक न्हाय. मुंबईचं."

इथं पंचांची पंचाईत झाली. मेलेली बाई कोण, कधी मेली, कुठल्या जातीची, काहीच ठाऊक नाही, मग सुतक कधीपासून धरायचं? मेल्यापासून धरलं तर ते केव्हाच फिटलं. शिवल्यापासून धरलं तरी फिटलं. पण धर्माजी मधे म्हणाला, "तिनं काय एकदाच धरलं? रोज धरत व्हती," आणि आपल्या हातानं घोटाळा केला. रावजीनं न्याय दिला, गावात पाऊल ठेवल्यापासून दहा दिवस. तोवर बांधावर नाही, आणि कुठल्याही बाळंतिणीजवळ नाही. पाटीही भरलेली धरणार नाही. सुतक घरातलं असेल तर सोडतो, हे आणलेलं आहे.

धर्माजीनं तिच्याकडे बघितलं आणि दुसरी पाटी उचलली.

मनुबाई घरी बसली. तिच्या अंगणासमोरून बांधाची वाट जाते. रोज दुपारी रावजीची लेक रतन बापाची भाकर घेऊन त्या वाटेनं जायची. पहिलटकरीण, माहेरी आलेली, दिवस भरलेली. मनुबाई तांदूळ सडता सडता थांबायची आणि बघायची. रतन तीन हातही उंच नव्हती. चालताना बदकासारखी झुलायची. पायांकडे बघितलं की मनुबाईच्या हातातलं मुसळ जड व्हायचं.

एके दिवशी न राहवून तिनं हाक मारली, "रतन, पानी पिऊन जा गो." रतन आली, टेकली. मनुबाईनं उंबऱ्यातूनच विचारलं, "चालायला कधी लागलीस तू?"

"मना काय म्हाईत? आय सांगते, चौथ्या वर्सापर्यंत तिच्या कडंवरच व्हते."

मनुबाई उठली. सुतकाचे दिवस अजून उरले होते आणि कुणी तिला बोलावलं नव्हतं. सुईण बोलावल्याशिवाय पोटाला हात लावत नाही. तिनं साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत, राहेलबाईंनी शिकवले तसे, आणि रतनच्या पोटावर ठेवले. डोकं वरच होतं. खाली दाबलं की पाण्यातल्या नारळासारखं परत वर यायचं.

संध्याकाळी रावजी दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"तू माझ्या पोरीला शिवलीस."

"शिवले. रावजीदादा, तिला अलिबागला ने. मूल हितं न्हाय व्हायचं."

"मढ्याचं हात लावलंस आनि आता तोंड बी लावतंस? उद्या परवा भांग लागतोय. खांड बुजवायची हाय. गावची एकच होडी, ती दगडांनी भरून ठेवलीय. आनि अलिबागला?"

"तुळशी अशीच व्हती," मनुबाई म्हणाली.

रावजीनं तेव्हासारखीच मान खाली घातली.

"अशीच बुटकी, अशीच चालायची. मी दोन दिस तिच्या पायाशी बसले आनि मना ठाऊक नव्हतं की मूल येनारच न्हाय. दार अरुंद व्हतं. देवाचं नाव घेतलं, नवस केला, हाताला येईल ते केलं. होडी दारात बांधलेली व्हती, पन ती मागायला पायजे ते मना समजलं न्हाय. आता समजलंय तर मी गप बसू? तुज्या लेकीजवळ मना बसवू नको. पन तिला ने."

रावजी तसाच मागं फिरला. धर्माजी म्हणाला, "अगं, तू आपलं शेत घालवलंस बग." पण तोही त्या रात्री भाकरीला शिवला नाही.

भांगाचा पहिला दिवस उजाडला आणि रतनच्या कळा सुरू झाल्या. ओहोटी लागायच्या आत सारा गाव बांधावर जमला होता. दगडांनी भरलेली होडी फटीत बुडवायची आणि तिच्यावर चिखल रचायचा, असं ठरलेलं. ही वेळ चुकली तर पुढल्या भांगापर्यंत मधलं उधाण सगळं केलेलं काम धुऊन नेणार, हे पोरंसोरंही जाणून होती.

रावजी आला तो होडीत उतरला आणि एकटाच दगड बाहेर फेकायला लागला.

"मुकादम, ह्ये काय?" नामा ओरडला.

"होडी पायजे."

"आनि खांड?"

"दगूड डोक्यावरनं न्या." तो फेकतच राहिला. "पोरीला न्यायचीय."

मग धर्माजी पाण्यात उतरला आणि दुसऱ्या बाजूनं दगड उचलायला लागला. रतनला घोंगडीत घालून आणली. तिची आई ठमाबाई शेजारी बसली. रावजीनं बांधाच्या वाटेकडे बघितलं. मनुबाई अंगणाच्या कडेला उभी होती, पत्र्याची पेटी हातात, पुढं न येता.

"वयनी," रावजी म्हणाला, "बस होडीत. लवकर."

होडी खांडीतूनच बाहेर पडली, जिथून खाडी आत आली होती तिथून. ती वळणाआड जाईपर्यंत रावजी बघत राहिला. मग तो बांधावर चढला आणि नेहमीच्या आवाजात नावं पुकारायला लागला. नामाचं घर झालं, दोन घरं झाली.

"धर्माजीचं घर."

"हाजीर."

"दुसरी पाटी?"

धर्माजी गोंधळला. तो "मीच" म्हणणार होता. त्याच्याआधी रावजी स्वतःच म्हणाला, "बाळंतपनाला," आणि पुढं गेला. आपल्या घराचं नाव आलं तेव्हा त्याला दुसऱ्या पाटीसाठी तोच शब्द म्हणावा लागला. या खेपेला आवाज नेहमीचा नव्हता.

त्या दिवशी गाव जसं राबलं तसं मी पुन्हा पाहिलं नाही. दगड डोक्यावरून गेले, हातांवरून गेले, म्हाताऱ्यांनी बसून ढेपा पुढं सरकवल्या. फट पुरती बुजली नाही, पण कंबरेइतकी चढली आणि भांगाच्या मवाळ भरतीला टिकली. होडी काही परतली नाही.

दुसऱ्या सकाळी सगळे पुन्हा बांधावर. रावजी रात्रभर जागा होता हे त्याच्या डोळ्यांवरून कळत होतं. तो पुकारायला उभा राहिला, आणि तेवढ्यात वळणावर होडी दिसली. वल्ह्यावरच्या माणसाखेरीज आत एकटी मनुबाई होती.

फावडी थांबली. होडीला यायला दोन वाटा होत्या. मरणाकडून आलेलं माणूस बांधाला पाय लावत नाही, ते खालच्या घाटावर उतरून आधी अंघोळ करतं. गाव घाटाकडे आणि होडीकडे आळीपाळीनं बघत होतं. रावजी फक्त होडीकडे बघत होता. घाटापाशी येऊन ती मंदावली, असं निदान सगळ्यांना वाटलं. मग ती पुढं आली.

मनुबाई बांधाला उतरली. लुगड्याचे ओचे ओले, डोळे तांबारलेले. उतरल्या उतरल्या तिनं पडलेली एक पाटी उचलली आणि चिखलाच्या ढिगाशी जाऊन उभी राहिली.

"धर्माजीचं घर," रावजी म्हणाला. "दुसरी पाटी?"

"हाजीर," मनुबाई म्हणाली. "मुलगी हाय. पोट उघडून काढली. दोघी बऱ्या हायेत, ठमाबाई थांबलीय."

रावजी खाली बसला, धर्माजी बसला होता तसाच, मधोमध बांधावर. कुणी थट्टा केली नाही. मग त्यानं मान वर केली.

"वयनी, ते हाड. मना दावतील तिथं?"

"दावतील. पन शिवलास तर दहा दिस जोळीवर यायचं न्हाय."

रावजीनं थोडा विचार केला. "खांड बुजू दे," तो म्हणाला. "मंग जाईन." आणि उठून त्यानं पुढचं नाव पुकारलं.